मालमोटारीच्या इंजिनातील तेलाचा उतरता दाब : निदान कसे करावे

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन तालुके सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी वसलेले आहेत. उल्हास, पेज व पाताळगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत भात हे येथील मुख्य पीक. कर्जत येथे १९१९ सालापासून भात संशोधनाचे कार्य चालू असून ‘कर्जत’ हे नाव धारण करणाऱ्या भाताच्या अनेक जाती येथूनच कोकणभर गेल्या. भिवपुरी येथील वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पाण्यामुळे राजनाल्याच्या कालव्याखाली उन्हाळी भातही घेतले जाते. झोडणी उरकली की भात गिरणीवर व पेंढा गोठ्यांवर पोचविण्याची एकच घाई उडते. पूर्वी हे काम बैलगाडी करी. आता ते मालमोटारीवर आले आहे. गावातील चारदोन शेतकऱ्यांनी मिळून घेतलेली जुनी मालमोटार ऐन हंगामात बंद पडली, तर खळ्यावरचा माल खळ्यावरच राहतो व भाड्याची गाडी मागेल त्या दराने आणावी लागते. म्हणून इंजिनाची निगा हा विषय शेतीच्या हिशेबाबाहेरचा मानता येत नाही.

ह्या भागातील गाड्यांना एक विशेष कष्ट आहे, तो बोरघाटाचा. घाटातील रस्ता १८३० साली वाहतुकीस खुला झाला व १८६३ साली लोहमार्ग तयार झाला. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत पोचताना गाडीस सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते. आगगाडीला हा चढ एकट्या इंजिनाने चढवत नाही, म्हणून कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडतात, आणि तेवढ्या अवधीत प्रवासी बटाटेवडा खाऊन घेतात. मालमोटारीस असे साहाय्य मिळत नाही. सारा भार तिच्या एकाच इंजिनावर, तोही खालच्या गिअरमध्ये व मंद वाऱ्यात पडतो. चढ संपवून चालक गाडी कडेला उभी करतो, इंजिन नुसते फिरू देतो, आणि त्याच वेळी तेलाच्या दाबाचा काटा खाली आलेला किंवा तांबडा दिवा लुकलुकत असलेला त्यास दिसतो. गाडी पुन्हा चालू लागताच काटा वर जातो व दिवा विझतो.

अशा वेळी तीन प्रकारची माणसे तीन प्रकारे वागतात. पहिला म्हणतो, चालताना दाब बरोबर आहे, मग चिंता कशाला? दुसरा जाड तेल किंवा बाजारातील एखादे घट्ट औषध इंजिनात ओततो व काटा वर आलेला पाहून निश्चिंत होतो. तिसरा घाबरून थेट इंजिन खोलावयास लावतो. ह्यांपैकी पहिल्याचे क्वचित निभावते, दुसऱ्याचे काही महिने निभावते, आणि तिसऱ्याचा पुष्कळसा पैसा कित्येकदा एका सदोष तारेपायी खर्च होतो. ह्या तिघांनीही दाब प्रत्यक्ष मोजलेला नसतो, ही त्यांची समान चूक होय.

दाब म्हणजे काय?

इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या साठ्यास मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. चेंबरमधील तेल जाळीतून ओढून घेऊन फिल्टरमार्गे वर पाठविण्याचे काम तेलाचा पंप करतो. हा पंप दात्यांच्या चाकांचा असून तो इंजिनाबरोबर फिरतो. इंजिनाच्या फेऱ्या जितक्या, तितक्या प्रमाणात तो तेल ढकलतो. ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी की, पंप तेल देतो, दाब देत नाही. ढकललेल्या तेलास बाहेर पडण्यास वाट अरुंद असली म्हणजे दाब निर्माण होतो. पाटाच्या पाण्याचे उदाहरण येथे लागू पडते. पाटाच्या तोंडाशी पाणी तेवढेच सोडले, पण मध्ये उंदरांनी बिळे केली, तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. दोष तोंडाशी नसून बिळांत असतो.

इंजिनात ही बिळे म्हणजे क्रँकचे जर्नल व त्यांभोवतीची बेअरिंगे ह्यांच्यामधील फट होय. फट मुळात ठेवावीच लागते. तिच्यातूनच तेल फिरते. जर्नलच्या व्यासाचा सुमारे हजारावा भाग फट असावी, असा एक जुना ठोकताळा आहे. म्हणजे ७५ मिलिमीटर व्यासाच्या जर्नलास ०.०७५ मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा अर्थातच ज्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. आता झिजेमुळे ही फट दुप्पट झाली, तर तेलाची गळती दुप्पट होत नाही. अशा बारीक फटीतून वाहणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दाब व तेल तेच असता दुप्पट फटीतून आठपट तेल निसटते. केसाएवढ्या झिजेने काटा एवढा खाली का येतो, ह्याचे उत्तर ह्या हिशेबात आहे.

इंजिन वेगाने फिरत असता पंप इतके तेल देतो की, गळती भागवूनही ते उरते. उरलेले तेल रिलीफ व्हॉल्व्ह नावाची झडप चेंबरमध्ये परत सोडते व दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही. म्हणूनच झिजलेल्या इंजिनातही चालत्या गाडीत काटा पुष्कळ काळ ठीक दिसतो. मंद गतीला मात्र पंपाचे तेल थोडे असते, ते सारे फटींतून निघून जाते आणि दाब उभाच राहत नाही. आजाराचे पहिले लक्षण मंद गतीलाच दिसावयाचे ते ह्यामुळे.

येथे एक शंका येते. मंद गतीला १० किंवा १२ पौंड दाब असला तरी चालते असे पुस्तिका सांगते. मग एवढ्या अल्प दाबावर टनावारी बोजा ओढणाऱ्या इंजिनाचा क्रँक तरंगतो कसा? ह्याचे उत्तर इंग्लंडमधील बोशँप टॉवर ह्या अभियंत्याच्या प्रयोगात मिळाले. रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत असता, १८८३ च्या सुमारास त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक भोक पाडले. तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने लाकडी खुंटी ठोकली, तर तीही हळूहळू बाहेर आली. शेवटी तेथे दाबमापक लावला असता बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब आढळला. फिरणारा आसच तेलास पाचरीसारखे फटीत ओढतो व त्यायोगे भार पेलणारा दाब स्वतः उत्पन्न करतो. १८८६ साली ऑस्बोर्न रेनल्ड्स ह्यांनी ह्यामागील गणित मांडले. सारांश, पंपाचा दाब क्रँक उचलीत नाही. प्रत्येक बेअरिंगापर्यंत तेल अखंड पोचते आहे की नाही, एवढेच तो सांगतो. म्हणून मंद गतीला दाब कमी असणे आपोआप अपायकारक नसते, पण तेल पोचण्याचेच बंद झाले तर क्रँक काही क्षणांत करपतो.

घाटमाथ्यावरच काटा का उतरतो?

तेल तापले की पातळ होते, हे स्वयंपाकघरात पोहोचलेल्या कोणासही ठाऊक आहे. परंतु ते किती पातळ होते ह्याची कल्पना सहसा नसते. डिझेल इंजिनात सर्रास वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० श्रेणीचे तेल घेतले, तर ४० अंश सेल्सिअसला त्याचा जो घट्टपणा असतो, त्याच्या जेमतेम सातवा हिस्सा १०० अंशांना उरतो. तेच तेल १२० अंशांवर गेले तर आणखी सुमारे एकतृतीयांशाने पातळ होते. पातळ तेल त्याच फटीतून अधिक निसटते. वैशाखाच्या उन्हात, पुरा माल भरून घाट चढलेल्या गाडीचे तेल १०० अंशांच्या पुढे गेलेले असणार, आणि लगेच गाडी उभी करून इंजिन मंद गतीला सोडल्यास दाबाचा वर्षातील नीचांक तेथेच दिसणार. पहाटे थंड इंजिनावर ४०-५० पौंड दाखविणारा काटा तेथे १२ वर आला, तर त्यात नवल नाही. तो ५ वर किंवा शून्यावर आला, तर मात्र चौकशी करावयास हवी.

ह्यावरून निदानाचा पहिला नियम निघतो. दाब नेहमी गरम इंजिनावर मोजावा. थंड इंजिनाचा आकडा निदानास निरुपयोगी असतो. गाडी विकत घेताना विक्रेता इंजिन थंड असतानाच ‘प्रेशर बघा’ म्हणून काटा दाखवितो. त्या दाखविण्याला काहीही अर्थ नाही.

किती दाब पुरेसा, हे इंजिन बनविणाराच सांगू शकतो. उदाहरणादाखल, कमिन्सच्या ५.९ लिटर बी मालिकेच्या इंजिनास, ज्या घराण्याची इंजिने जमशेदपूर येथे बनून टाटांच्या गाड्यांतून सर्वत्र आली, गरम असता मंद गतीला किमान १० पौंड व पूर्ण गतीला किमान ३० पौंड दाब असावा असे सांगितलेले आहे. येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचास पौंड. १० पौंड म्हणजे किलोग्रॅमच्या मापात चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७. दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड हा मिस्त्री लोकांचा ठोकताळा पुस्तिका हाताशी नसता कामास येतो, पण तो ठोकताळाच आहे. जुन्या पद्धतीच्या इंजिनांचे आकडे निराळे असू शकतात.

तपासणीचा क्रम

तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहाएक मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी व तेलाची पातळी पाहावी. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर वळणावर व उतारावर पंपाची जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो आणि काटा थरथरतो. इतक्यानेच रोग सापडला असेही पुष्कळदा होते. पण पातळी वाढलेली आढळली, तर अधिक सावध व्हावे. तेल न घालता तेल वाढले, म्हणजे इंजिनात दुसरे काहीतरी शिरले आहे.

ते बहुधा डिझेल असते. डिपस्टिकवरील तेल बोटांत चोळून वास घ्यावा. डिझेलचा वास लपत नाही. एक थेंब गाळणकागदावर किंवा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून तासभर ठेवावा. डिझेल मिसळले असेल तर मधल्या काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडे दूरवर पसरते. शेकडा ५ भाग डिझेल मिसळले तरी ४० श्रेणीचे तेल ३० श्रेणीच्या जवळपास येते. चेंबर १५ लिटरचे असेल तर हे ५ भाग म्हणजे अवघे पाऊण लिटर. ते येते कोठून? गळकी नोझल जळल्याविना डिझेल सिलिंडरात सोडते व ते भिंतीवरून खाली उतरते. अशी गाडी सहसा पांढरट वा काळा धूर सोडते व सकाळी अडखळत सुरू होते. फ्युएल पंपाला जोडलेल्या फीड पंपाचा दांडा झिजला, तर डिझेल फ्युएल पंपाच्या पोटातून थेट इंजिनाच्या तेलात उतरते, आणि धुराचे कोणतेच लक्षण दिसत नाही. हा दुसरा दोष फसवा आहे. तेल बदलले की दाब सुधारतो, मालक संतुष्ट होतो, आणि तीनचार आठवड्यांत काटा पुन्हा खाली येतो. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या ज्या गाड्यांत धुराची गाळणी जाळून स्वच्छ करण्यासाठी सिलिंडरातच उशिरा जादा डिझेल सोडले जाते, त्यांत ही क्रिया वारंवार अर्धवट राहिल्यास तेलात डिझेल मिसळते. वीटभट्टी ते गाव अशा तीनचार किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या नव्या गाड्यांच्या मालकांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी आहे. शंका असल्यास दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाकावे. पाणी असल्यास ते तडतडतात. तवा घरातील घेऊ नये, व तोंड दूर ठेवावे. पावसाळ्यात ओढ्यातून घातलेली गाडी, फुटलेले गॅसकेट किंवा ऑइल कूलरमधील भेग ही ह्याची नेहमीची कारणे आहेत. अशी गाडी तेल बदलल्यावाचून व कारण शोधल्यावाचून चालवू नये.

तेल ठीक असेल तर इंजिनाच्या मंद गतीच्या फेऱ्या मोजाव्या. ही पायरी जवळजवळ सारेच गाळतात. डिझेल वाचविण्याच्या हेतूने चालक फेऱ्यांचा स्क्रू ढिला करून ठेवतात. पुस्तिकेत ६०० फेऱ्या सांगितल्या असता इंजिन ४५० वर फिरत असेल, तर पंपाचे तेलही पाऊणपटच मिळणार. फेऱ्या पूर्ववत करताच दाब मर्यादेत आला तर पुढे काही करावयास नको.

त्यानंतर दाबमापकाचाच खरेखोटेपणा पाहावा. जुन्या गाड्यांत तेल बारीक नळीने थेट डॅशबोर्डावरील घड्याळापर्यंत जाते. नळी चेपली, चोंदली किंवा सांध्यात गळू लागली की काटा खोटे बोलतो. अलीकडील गाड्यांत इंजिनावर एक विद्युत सेन्सर असतो व त्यातून तार येते. तारेचा सांधा गंजला, इंजिनाचा अर्थ सैल झाला किंवा सेन्सरच बिघडला, तर इंजिन निरोगी असूनही दिवा लागतो. कोकणातील दमट हवेत असे सांधे गंजण्यास वेळ लागत नाही. संगणकावर चालणाऱ्या इंजिनांत बिघाडाचा संकेतांक मिळतो. एसपीएन १०० हा तेलाच्या दाबाचा संकेतांक होय. परंतु तो संकेतांकही त्याच सेन्सरच्या सांगण्यावर उमटतो, हे विसरू नये.

म्हणून सेन्सर काढून त्या जागी हाताचा दाबमापक, ज्यास मास्टर गेज म्हणतात, लावावा. चांगल्या मिस्त्रीकडे तो असतो. नसेल तर गावातील चारपाच गाड्यांच्या मालकांनी मिळून एक घ्यावा. एकदा विनाकारण इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. तो लावताना इंजिन बंद असावे. जोडाचे आटे त्याच मापाचे असावे, नाहीतर ओतीव लोखंडातील आटे बिघडून नवीच पीडा उभी राहते. नळी तेलाच्या दाबाची व उष्णतेची असावी. साधी प्लास्टिकची नळी गरम तेलाने फुटते व तेल एक्झॉस्टवर उडून पेट घेण्याचा धोका असतो.

आता गाडी भरलेली असता दहाबारा किलोमीटर चालवून इंजिन पुरते तापवावे. मंद गतीला, १,००० फेऱ्यांना, १,५०० फेऱ्यांना व पूर्ण गतीजवळ असे चार आकडे वहीत टिपावे. एका आकड्यापेक्षा ह्या चार आकड्यांचा परस्परसंबंध अधिक बोलका असतो.

आकड्यांचे वाचन

मास्टर गेजवर चारही आकडे पुस्तिकेप्रमाणे आले, तर दोष सेन्सरात वा तारेत आहे. तेथेच थांबावे.

मंद गतीला दाब कमी, पण फेऱ्या वाढताच तो झपाट्याने वाढून नेहमीच्या उंचीवर टेकतो, असे आढळल्यास फटी काहीशा वाढल्या आहेत किंवा तेल पातळ आहे. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचे, नवे, फिल्टरसह बदलून पुन्हा मोजावे. फरक पडला तर पातळपणाचे कारण शोधावे. फरक पडला नाही व मंद गतीचा आकडा मर्यादेच्या किंचित वर असेल, तर गाडी चालवावी, पण दर महिन्यास मोजावी.

सर्व फेऱ्यांना दाब सारखाच कमी व फेऱ्या वाढवूनही फारसा वाढत नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्हकडे पाहावे. कचऱ्याचा कण अडकून झडप उघडी राहते किंवा तिची स्प्रिंग मऊ पडते. बऱ्याच इंजिनांत ही झडप बाहेरून काढता येते. ती धुऊन, स्प्रिंगची लांबी मोजून परत बसविण्यास थोडाच वेळ लागतो. झडपेची स्प्रिंग ताणून किंवा तिच्यामागे वॉशर घालून दाब वाढविण्याची एक युक्ती प्रचलित आहे. तिने उच्च गतीचा आकडा वाढेल, पण मंद गतीला झडप मुळातच बंद असते, त्यामुळे मूळ दोष जेथल्या तेथे राहतो. ही युक्ती करू देऊ नये.

वेगात दाब उलट घसरतो किंवा काटा थरथरतो, तर पंपास तेलच पुरेसे मिळत नाही. जाळी गाळाने भरलेली असते, ओढनळीचे गॅसकेट हवा घेते, किंवा, ही गोष्ट हल्ली फार आढळते, चेंबर बसविताना सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनच्या मलमाचे तुकडे सुटून जाळीवर जाऊन बसलेले असतात. चेंबर उतरविल्याखेरीज ह्याचा उलगडा होत नाही.

फिल्टर बदलताना जुना टाकून देऊ नये. तो कापून त्यातील कागदाची घडी उलगडून उन्हात पाहावी. चकाकणारी पांढरट पूड म्हणजे बेअरिंगचा वरचा थर, आणि तांबूस कण म्हणजे त्याखालचा तांब्याचा थर उघडा पडला आहे. तांबूस कण दिसल्यावर आणखी एक फेरी मारून येतो असे म्हणू नये.

चेंबर उतरविल्यावर

पुष्कळ मालमोटारींत इंजिन न उतरविता खालून चेंबर काढता येते. गाडी सपाट, टणक जागी घेऊन चाकांस ठोकळे लावावे व तेल निवू द्यावे. प्रथम जाळी व ओढनळी पाहावी. मग कनेक्टिंग रॉडच्या एका टोपीचे व मधल्या एका मेन बेअरिंगचे परीक्षण करावे. टोप्यांवर क्रमांक नसतील तर आधी खूण करावी. टोपी दुसऱ्या जागी किंवा उलटी बसली तर चांगले इंजिनही नासते. बेअरिंगचा पृष्ठभाग सर्वत्र सारखा राखाडी असेल तर ते सुस्थितीत आहे. तांबे दिसू लागले, ओरखडे खोल असले किंवा नख अडकले, तर ते बदलावयाचे. फट मोजण्यासाठी मेणासारखी बारीक तार मिळते. ती जर्नलवर ठेवून टोपी पुस्तिकेतील बळाने आवळावी व पुन्हा काढून चपटलेल्या तारेची रुंदी पट्टीशी ताडून पाहावी.

ह्याच टप्प्यावर काळजीने केलेल्या निदानाचे मोल कळते. जर्नल गुळगुळीत व मापात असेल तर केवळ नवी बेअरिंगे घालून, पंपाची झीज तपासून काम भागते. जर्नलवर रेघा उठल्या असतील तर क्रँक काढून ग्राइंड करावा लागतो व त्या मापाची बेअरिंगे घालावी लागतात, म्हणजे सारे इंजिन उतरले. आणखी उशीर झाला व बेअरिंग फिरले, तर क्रँकबरोबर ब्लॉकही जातो. पहिल्या व तिसऱ्या स्थितीत काही वेळा दोनतीन आठवड्यांच्या चालविण्याचेच अंतर असते. नवीन बेअरिंगे घालूनही दाब सुधारला नाही, तर कॅमशाफ्टचे बुश, रॉकरचा दांडा व टर्बोचे बेअरिंग ह्या वाटा उरतात. मिस्त्री त्यांकडे शेवटी वळतात, आणि क्रम म्हणून ते योग्यच आहे.

वाटेत काय करावे?

घाटमाथ्यावर दिवा लागला तर चालकाने प्रथम अॅक्सिलरेटर किंचित दाबून इंजिन १,००० फेऱ्यांवर धरावे. दाब लगेच वर आला व इंजिनातून ठोक्याचा आवाज येत नसेल, तर त्याच फेऱ्यांवर दोनतीन मिनिटे धरावे, म्हणजे तेल व टर्बो निवतील. मग इंजिन बंद करून पातळी पाहावी. फेऱ्या वाढवूनही दिवा विझत नसेल, किंवा खालून जड, बोथट ठोका ऐकू येत असेल, तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. माल नाशवंत असला तरी तो दुसऱ्या गाडीत भरावा. बंद इंजिनाची गाडी ब्रेकच्या भरवशावर घाट उतरवून खोपोलीस नेण्याचे धाडस कोणीही करू नये. इंजिन बंद असता हवेच्या ब्रेकचा साठा भरला जात नाही, आणि पॉवर स्टिअरिंगही साथ देत नाही.

जाड तेलाविषयी एक शब्द लिहिणे अवश्य आहे. २०डब्ल्यू-५० श्रेणीचे तेल घातल्याने काटा वर येतो, हे खरे. परंतु फट तेवढीच राहते, आणि पहाटे थंड इंजिन सुरू करताना जाड तेल टोकाच्या बेअरिंगांपर्यंत व टर्बोपर्यंत उशिरा पोचते. ज्याचे इंजिन खोलण्याचे ठरले आहे व पैसे जमेपर्यंत चार आठवडे काढावयाचे आहेत, त्याने हलक्या भाराने असे केले तर समजू शकते. निदान टाळण्यासाठी मात्र तसे करू नये. बीएस-६ गाड्यांत तर उत्पादकाने सांगितलेल्या प्रकाराखेरीज दुसरे तेल घालूच नये. चुकीच्या तेलातील राखेने धुराची गाळणी चोंदते.

ट्रॅक्टर व पाणी ओढणारी डिझेल इंजिने ह्यांनाही हाच क्रम लागू पडतो. फरक इतकाच की, पंपाचे इंजिन एकाच गतीला तासन्‌तास चालते, त्यामुळे त्याचा मंद गतीचा दाब कोणी पाहतच नाही. तो महिन्यातून एकदा, पाणी पाजून झाल्यावर, इंजिन गरम असतानाच पाहावा.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी गावातील प्रत्येक मालमोटारीमागे व ट्रॅक्टरमागे एक साधी वही ठेवावयास सांगावी. तीत तेल बदलल्याची तारीख, गाडीचे किलोमीटर, तेलाची श्रेणी व गरम इंजिनाचे चार आकडे एवढेच लिहावे. मंद गतीचा आकडा लागोपाठच्या दोन नोंदींत मर्यादेखाली आढळला, तर गाडी मालवाहतुकीस लावू नये आणि तपासणीसाठी पुढील तेलबदलाची वाट पाहू नये. आकडा मर्यादेच्या वर असूनही नोंदीगणिक उतरत असेल, तर बेअरिंगांची तपासणी भातलावणी आटोपल्यानंतर व कापणीस आरंभ होण्यापूर्वी, श्रावण-भाद्रपदात, उरकून घ्यावी. त्या दिवसांत मालास गाडी क्वचितच लागते, आणि क्रँक ग्राइंड करावा लागलाच तर त्यासाठी आठपंधरा दिवस हाती असतात.